सव्वासात गुंठ्यांत २,६७३ जाती : लेस्टरच्या एका बागेचं प्रकरण

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातलं औद्योगिक शहर. त्याच्या उपनगरातल्या एका बागेत १९७२ ते २००१ या ३० वर्षांत २,६७३ जातींच्या सजीवांची नोंद झाली. बागेचा आकार ७४१ चौरस मीटर, आपल्या हिशोबात सव्वासात गुंठे. तालुक्याच्या गावी निवृत्त मास्तरांचा बंगला आणि त्याभोवतीची झाडं मावतील एवढीच ही जागा. शेजारी जंगल नाही, डोंगर नाही, ओढा नाही. पलीकडे रस्ता आणि अलीकडे तशीच घरं, तशाच बागा.

नोंदी ठेवल्या जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी. पहिल्या १५ वर्षांचा अहवाल १९९१ मध्ये ग्रंथरूपात आला आणि पूर्ण ३० वर्षांचा २०१० मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने काढला. जुन्या, मुरलेल्या घरगुती बागेत नेमकं कोण कोण येतं या प्रश्नाचं एवढं चिकाटीचं उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आकड्याची फोड आधी बघू. वनस्पती ४७४. कीटक १,९९७. कीटक नसलेले पण कणा नसलेले प्राणी, म्हणजे कोळी, गोगलगायी, पैसा, गोम वगैरे, १३८. कण्याचे प्राणी ६४, त्यांतले ५४ पक्षी. बागेत काय येतं असं कुणी विचारलं की आपण बुलबुल, शिंजीर, तांबट अशी पक्ष्यांची नावं सांगायला लागतो, फार तर खार आणि मुंगूस. ओवेनबाईंच्या यादीतून वनस्पती वगळल्या तर २,१९९ प्राणी उरतात आणि त्यांत पक्ष्यांचा वाटा अडीच टक्केसुद्धा नाही. उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांकडे कुणी दुर्बीण लावत नाही. या प्रकरणातली खरी गोष्ट तिथेच आहे.

कंपालाहून लेस्टरला

जेनिफर आणि त्यांचे पती डेनिस ओवेन दोघेही जीवशास्त्रातले. १९६०च्या दशकात ते आफ्रिकेत होते, आधी युगांडात कंपालाला आणि मग सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनला. तिथेही त्यांनी बागेत कीटकांचे सापळे लावले होते. इंग्लंडला परतून लेस्टरला घर केल्यावर साहजिकच तोच सापळा मागच्या अंगणात उभा राहिला. म्हणजे सुरुवातीचा प्रश्न बागेचा नव्हताच, तुलनेचा होता: उष्ण कटिबंधात प्रत्येक गटाच्या जाती जास्त असतात, हा नियम सगळीकडे लागू पडतो का?

इथे एक आडवळण घेतो, कारण मराठी वाचकाला ते माहीत असायला हरकत नाही. ज्या १९७२ साली ही नोंदवही सुरू झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. त्यांतल्या अनेकांनी लेस्टरची वाट धरली. इथे जागा नाही, येऊ नका, अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती. तरी लोक आले, राहिले, आणि आज लेस्टर म्हटलं की आपल्याला तिथली दिवाळी आठवते. कंपालाहून लेस्टरला अशा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच सुमारास पोहोचल्या.

तर तुलना. ओवेन दांपत्याने १९७४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात लेस्टर, स्वीडनमधली एक जागा, कंपाला आणि फ्रीटाउन अशी चार ठिकाणांची आकडेवारी मांडली. गट होता इक्न्यूमोनिड नावाच्या परोपजीवी गांधीलमाश्यांचा. नियमाप्रमाणे आफ्रिकेतल्या दोन जागा पुढे असायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. थंड, ढगाळ लेस्टरमधली घरामागची बाग विषुववृत्ताजवळच्या बागांना तोडीस तोड ठरली. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. उष्ण कटिबंधात सापळे पुरेसे लागलेच नव्हते, असं पेरूच्या जंगलात नंतर काम केलेल्यांनी दाखवलं, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण वाद कसाही सुटो, एका साध्या बागेत एवढं काही उडत असतं, हे त्यातून पहिल्यांदा पुढे आलं.

बाग कशी होती

बागेत हिरवळ होती, फुलांचे वाफे होते, भाजीपाला, फळझाडं, छोटं तळं आणि कंपोस्टचा ढीग होता. कीटकनाशक मारायचं नाही, हा एक नियम कडक. फुलं सुकली तरी लगेच छाटायची नाहीत आणि पालापाचोळा जाळायचा नाही, हा दुसरा. बाकी ती चारचौघांसारखीच नीटनेटकी, घरच्या स्वयंपाकाला उपयोगी पडणारी बाग होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जैवविविधता’ म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एकीकडे सगळं रान माजू द्यायचं म्हणणारे, दुसरीकडे ‘स्वच्छता अभियान’ म्हणत पाचोळा पेटवणारे. ओवेनबाई या दोन्हींत बसत नाहीत. त्यांनी बाग प्राण्यांसाठी बांधली नव्हती. त्या गाजरं काढत होत्या, गुलाब छाटत होत्या आणि तण उपटत होत्या. बागकाम हेच त्या विविधतेचं एक कारण होतं. एखादी जमीन तशीच सोडली की आधी गवत येतं, मग झुडपं, मग चार-दोन जोमदार झाडं बाकीच्यांना दाबून टाकतात. माळी हा क्रम सतत मोडत असतो. खुरपलेली उघडी माती, दाट झुडूप, जुनं झाड, उन्हातला दगड आणि ओला पाचोळा, हे सगळं निसर्गात चार वेगळ्या जागी मिळेल. बागेत ते दहा पावलांवर असतं. त्यातच लावलेल्या झाडांची विविधता. डोंगरावरची, दलदलीतली, चीनची, मेक्सिकोची झाडं शेजारी शेजारी उभी असतात, आणि मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत काही ना काही फुललेलं असतं.

सापळा

यादीतला मोठा भाग ज्या साधनामुळे मिळाला ते साधन म्हणजे मॅलेझ सापळा. रने मॅलेझ हे स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ. प्रवासात तंबूत मुक्काम असताना त्यांच्या लक्षात आलं की तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडण्याची वाट शोधत छताच्या सगळ्यांत उंच कोपऱ्यात गोळा होतात. १९३४ सालच्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत त्यांनी मुद्दाम तसाच जाळीचा तंबू शिवून घेतला: बाजू उघड्या, मध्ये उभी जाळी, आणि वरच्या टोकाला बाटली. उडता कीटक मधल्या जाळीला आपटतो, अडथळा आला की वर चढतो आणि शेवटी बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये पडतो. दिवा नाही, गंध नाही, आमिष नाही. म्हणजे कुणाला ओढून आणलेलं नाही. जे त्या वाटेने जात होतं तेच मिळालं.

पतंगांसाठी दिव्याचा सापळा होता. जमिनीवर फिरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी जमिनीत काठोकाठ पुरलेले डबे होते. फुलपाखरं मात्र हाताने पकडून, पंखावर खूण करून सोडली जात. या खुणांमुळे एक गोष्ट कळली, जी नुसती नजर ठेवून कधीच कळली नसती. दुपारी फुलावर पाच फुलपाखरं दिसली, संध्याकाळीही पाच दिसली, तर आपण ती तीच पाच धरतो. खुणा बघितल्या तर बहुतेक नवीन असतात. बाग ही वस्ती कमी आणि एसटी स्टँड जास्त असते.

सापळा लावणं सोपं, नावं लावणं कठीण. जेवढे गट ओळखता येण्यासारखे होते, ज्यांचे तज्ज्ञ उपलब्ध होते, तेवढेच ओवेनबाईंनी नेटाने पार पाडले. बारीक माश्यांचे आणि सूक्ष्म भुंगेऱ्यांचे कितीतरी गट तसेच राहिले. त्यामुळे १,९९७ हा आकडा कमाल नव्हे, किमान आहे. इक्न्यूमोनिडांसाठी अमेरिकेतल्या हेन्री आणि मार्जोरी टाउन्स या जोडप्याची मदत मिळाली. त्या गटात त्या काळी त्यांच्यावर कुणी नव्हतं. (लेसरच्या पायाभूत कामासाठी नोबेल मिळालेले चार्ल्स टाउन्स हे याच हेन्रींचे भाऊ.) १९८१ साली त्यांचा संयुक्त शोधनिबंध आला. अवघ्या तीन वर्षांच्या पकडीत ५००हून जास्त जाती निघाल्या होत्या. ब्रिटनच्या यादीत या कुळाच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत, म्हणजे देशातल्या दर पाच जातींतली एक त्या कुंपणावरून उडत गेली. चार जाती तर विज्ञानालाच नव्या होत्या. लेस्टरच्या रस्त्यावरून रोज माणसं जात होती, आणि कुंपणाच्या आत नाव नसलेले प्राणी नांदत होते.

मावा, सिरफिड आणि तिसरी

इक्न्यूमोनिड गांधीलमाश्या सहसा चावत नाहीत, पोळं करत नाहीत, माणसाच्या वाटेला जात नाहीत. मादी दुसऱ्या कीटकाच्या अळीत किंवा अळीवर अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी यजमानाला आतून खात वाढते आणि त्याला संपवूनच बाहेर येते. शेतकऱ्यांना हा प्रकार नवा नाही. ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीने आत अंडी घातलेली पतंगांची अंडी कार्डांवर चिकटवून ती उसात आणि कपाशीत लावतात, ती याच तत्त्वावर. कृषी खात्याच्या भाषेत हे ‘मित्रकीटक’.

आता बागेतली एक साखळी बघा. गुलाबाच्या कोवळ्या फुटव्यावर मावा येतो. मावा दिसला की सिरफिड माशी येते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, दिसायला मधमाशीसारखी, पण हवेत एका जागी थबकते त्यावरून ओळखायची. माशी स्वतः फुलातला मध आणि परागकण खाते. तिच्या अळ्या माव्यावर ताव मारतात. आणि या अळ्यांवर टपलेली असते एक इक्न्यूमोनिड, डिप्लॅझॉन. ती सिरफिडच्या अंड्यात किंवा लहान अळीत आपलं अंडं घालते आणि सिरफिडच्या कोषातून सिरफिडऐवजी हीच बाहेर येते. गुलाबाच्या एका फांदीवर तीन मजले. यातली एक जात, डिप्लॅझॉन लीटेटोरियस, जवळपास जगभर आहे, भारतातही. लेस्टरच्या बागेतली सगळ्यांत ओळखीची सिरफिड, एपिसिर्फस बाल्टिएटस, हीसुद्धा युरोपपासून भारतापर्यंत आढळते. हिवाळ्यात मोहरीच्या किंवा कोथिंबिरीच्या फुलोऱ्यावर नीट पाहिलंत तर तिचे भाऊबंद नक्की दिसतील.

ओवेनबाईंच्या बागेत सिरफिड माश्यांच्या ९४ जाती निघाल्या, ब्रिटनमधल्या एकूण जातींच्या साधारण एक तृतीयांश. फुलपाखरांच्या २३ आणि पतंगांच्या ३७५. फुलपाखरांचा आकडा इतरांच्या मानाने लहान दिसतो, पण ब्रिटनमध्ये फुलपाखरंच मुळात साठेक जातींची. आपल्याकडे पश्चिम घाटातच तीनशेच्या वर आहेत. हा फरक विसरून तुलना करू नये.

इथे गुलाबावर औषध मारलं असतं तर काय झालं असतं? मावा गेला असता, आणि दोन आठवड्यांत परत आला असता, कारण तो झपाट्याने वाढतो. सिरफिडला परतायला जास्त वेळ लागतो, डिप्लॅझॉनला त्याहून जास्त. फवारणीची सगळ्यांत मोठी झळ वरच्या मजल्यांना बसते. न फवारलेल्या जुन्या बागेत मावा असतो, पण त्याचा कहर क्वचित होतो. त्याचं श्रेय बहुतेक वेळा माळ्याकडे जातं.

परदेशी झाडांचं काय

४७४ वनस्पतींत परदेशी भरपूर होत्या. ‘फक्त देशी झाडं लावा’ म्हणणाऱ्यांना ही यादी अडचणीची आहे, आणि मलाही तिने थोडं सावध केलं.

बड्लिया हे चिनी झुडूप. जांभळ्या तुऱ्यांवर फुलपाखरांची झुंबड उडते म्हणून ते इंग्लंडभर लावतात आणि रेल्वे रुळांच्या कडेला ते आपोआपही उगवतं. मध द्यायला ते उत्तम, पण अळ्यांना खायला नाही, असा समज होता. डेनिस ओवेन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९८० साली बड्लियावर कोणकोणते ब्रिटिश कीटक राहायला लागले याचा आढावा घेतला, तेव्हा यादी निघाली. मुलीन पतंगाच्या अळ्या, ज्या मुळात दुसऱ्याच एका रानझाडावर वाढतात, त्या बड्लियाची पानं मजेत खात होत्या. पाहुणं झाड पुरेशी वर्षं राहिलं की घरचे कीटक त्याच्याशी सोयरीक जुळवतात, निदान काही.

काही, सगळे नव्हे. मध पिण्यात कीटक फारसे चोखंदळ नसतात. अंडी घालताना मात्र त्यांच्यासारखं सोवळं कुणाचं नाही. आपल्या अंगणातला कढीपत्ता घ्या. कॉमन मॉरमॉन फुलपाखरू मध पितं घाणेरीचा, जी दक्षिण अमेरिकेतून आलेली. पण अंडी घालतं कढीपत्त्यावर किंवा लिंबावर. घाणेरी काढून टाकली तर ते दुसरा मध शोधेल. कढीपत्ता आणि लिंबू दोन्ही गेले तर त्या अंगणात त्याची पुढची पिढी होणार नाही.

पुढे शेफील्डला १९९९ ते २००२ या काळात ६१ घरगुती बागांचा पद्धतशीर अभ्यास झाला. त्या बागांत १,१६६ प्रकारच्या वनस्पती निघाल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्के परदेशी. कीटकांची संख्या आणि विविधता देशी झाडांच्या प्रमाणाशी फारशी बांधलेली नव्हती. बाग लहान की मोठी यानेही फार फरक पडत नव्हता. झाडं, झुडपं, वेली असे थर असणं मात्र महत्त्वाचं ठरलं. त्या अभ्यासात लोकप्रिय युक्त्याही तपासून पाहिल्या. एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी ठेवलेल्या नळ्या लगेच भरल्या. बंबलबी या केसाळ मधमाश्यांसाठी ठेवलेल्या घरकुलांकडे कुणी फिरकलं नाही. फुलपाखरांच्या अळ्यांसाठी लावलेल्या खाजऱ्या नेटलच्या कुंड्याही तशाच राहिल्या. बाजारात ‘कीटक हॉटेल’ म्हणून जे विकतात ते घेण्याआधी हा निकाल वाचावा.

शेफील्डमुळे लेस्टरच्या प्रकरणाला आधार मिळाला. एका बागेवरून सिद्ध काय होणार, हा आक्षेप तोवर रास्त होता.

आक्षेप

पहिला आक्षेप सापळ्याचा: हजारो कीटक मारून विविधता मोजायची, हे कसलं निसर्गप्रेम? भावना समजते. पण तंबूची रुंदी दीड-दोन मीटर, आणि तेवढ्याच पट्ट्यातून जाणारे कीटक त्यात पडतात, तेही सगळे नाहीत. एक ब्लू टिट पक्ष्याची जोडी पिल्लं वाढवताना दिवसाला शेकडो अळ्या नेते. सापळ्यामुळे बाग ओस पडली असती तर तेच सापळे वर्षानुवर्षं भरले नसते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. २,६७३ या आकड्यात राहणारे आणि नुसते वाटेने जाणारे असा भेद नाही. ३० वर्षांत एकदाच आलेला पक्षी आणि रोज कंपोस्ट उकरणारा ब्लॅकबर्ड, दोघांची नोंद एकेक. ‘या बागेत २,६७३ जाती राहतात’ असं म्हणणं म्हणूनच चूक आहे. वृत्तपत्रांनी मात्र ते लिहिलंच. शिवाय ही बाग एकटी नव्हती. आजूबाजूच्या शेकडो बागा मिळून एक मोठं विरळ रान तयार होतं आणि त्यातला हा एक तुकडा. ओवेन दांपत्याने १९७५ सालच्या निबंधात प्रश्नच असा विचारला होता की उपनगरातल्या बागा हे इंग्लंडचं सर्वांत महत्त्वाचं अभयारण्य तर नव्हे? ब्रिटनमधल्या घरगुती बागांचं एकूण क्षेत्र ४ लाख हेक्टरांच्या वर जातं, रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. एकाने शेजारच्या दहा बागांवर फरशी घातली तर मधल्या बागेची यादीही आक्रसणार, तिथल्या मालकिणीने काहीही केलं तरी.

तिसरा मुद्दा: ही बाग खरंच विशेष होती का? मला नाही वाटत. त्याच गल्लीत, त्याच चिकाटीने दुसरी बाग पाहिली असती तर आकडा याच्या आसपासच आला असता. विशेष होती ती पाहणारी व्यक्ती. त्या काळात ओवेनबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला आणि पुढे चाकाची खुर्ची आली. हालचालीवर मर्यादा आल्या, पण सापळा आणि वही चालू राहिली. बाग लहान असणं तेव्हा उपयोगी पडलं असणार.

उतरता आलेख

३० वर्षं एकाच जागी एकाच पद्धतीने मोजलं, की यादीपलीकडचं काही दिसायला लागतं. बाग जुनी होत गेली, झाडं वाढली, फवारणी कधीच झाली नाही. तर मग संख्या वाढायला हवी, निदान टिकायला हवी. ओवेनबाईंच्या नोंदींत पतंग, फुलपाखरं, सिरफिड अशा अनेक गटांची संख्या शेवटच्या वर्षांकडे घटताना दिसते. पूर्वी नेहमी येणारे काही पाहुणे येईनासे झाले.

कारण कुंपणाच्या आत सापडत नाही. रोथॅमस्टेड या इंग्लंडमधल्या शेती-संशोधन संस्थेच्या ब्रिटनभर पसरलेल्या दिवा-सापळ्यांनी १९६८ ते २००७ या काळात मोठ्या पतंगांच्या एकूण संख्येत २८ टक्के घट दाखवली. दक्षिण भागात ती ४० टक्के होती. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी अभ्यासकांनी मॅलेझचाच सापळा वापरून ६३ संरक्षित जागांवर २७ वर्षं मोजमाप केलं. २०१७ साली आलेला त्यांचा निष्कर्ष जगभर गाजला: उडत्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं होतं. रुंद पसरलेली एकपिकी शेती, फवारणी, रात्रीचा उजेड, बदलतं हवामान, यांतलं कोणतं किती, यावर अजून भांडणं चालू आहेत. आतून कितीही सांभाळलेली बाग बाहेरच्या उताराला एका मर्यादेपर्यंतच थोपवते, हे मात्र लेस्टरच्या वहीत दिसतं.

आणि इथे आपण परत पक्ष्यांकडे येतो, चिमणीकडे. ओवेनबाईंची नोंदवही २००१ मध्ये थांबली. त्याच वर्षापासून २००३ पर्यंत लेस्टरमध्येच दुसऱ्या संशोधकांनी चिमण्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला. शहरांतून चिमण्या कमी का होत आहेत, हा प्रश्न होता. घरटी होती, अंडी होती, पिल्लं निघत होती. पण बरीच पिल्लं पहिल्या काही दिवसांतच मरत होती, आणि जी उडत होती त्यांचं वजन कमी भरत होतं. ज्यांच्या पोटात कीटकांऐवजी वनस्पतीजन्य खाणं जास्त होतं त्यांची अवस्था वाईट. मोठी चिमणी दाणे खाऊन भागवते. पिल्लाला पहिल्या दिवसांत मावा, अळ्या, कोळी लागतात.

चिमण्यांसाठी २० मार्च हा दिवस २०१०पासून पाळला जातो आणि त्याची सुरुवात आपल्या नाशिकमधल्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने झाली. त्या दिवशी महाराष्ट्रात लाकडी घरटी आणि तांदळाची वाटी यांचे फोटो सगळीकडे दिसतात. घरटं आणि दाणा दोन्ही चिमणीच्या कामाचे आहेतच. पण लेस्टरमध्ये उणीव होती ती माव्याने भरलेल्या कोवळ्या फांद्यांची, कुंपणाच्या झुडपांची आणि न झाडलेल्या कोपऱ्यांची. ज्या सोसायटीत घरकुलं टांगली जातात तिथेच वर्षातून दोनदा ‘पेस्ट कंट्रोल’वाला पाठीवर पंप घेऊन झुडपांवर फिरतो, आणि त्या दोन खर्चांच्या पावत्या एकाच फाइलला लागतात.